तीन शून्यं शेजारी-शेजारी : मोबाईलवरच्या तक्त्यात सभासद कशी शोधायची



मागच्या अंकात आपण रोकड वहीची बेरीज मोबाईलवर कशी करायची ते पाहिलं. तेव्हा बऱ्याच जणींनी निरोप धाडला की बेरीज जमली, पण दोनशे-अडीचशे नावांच्या तक्त्यात आपली बाई शोधताना डोळे दुखतात, आणि कधी कधी भलतीच बाई सापडते. हा धडा त्याच्यासाठी आहे. थोडा लांब आहे. बैठकीत एकीने वाचावा, बाकीच्यांनी मोबाईल काढून सोबत करून पाहावं.

आधी माझी चूक सांगते. दिवाळीच्या आधीची मासिक बैठक होती. मी संघाच्या तक्त्यातून थकीत हप्त्यांची यादी काढली आणि भर बैठकीत वाचली. यादीत एका ताईंचं नाव आलं. त्या उठून उभ्या राहिल्या. "मी त मागच्याच बैठकीत भरले न जी पैसे, मंग थकले कसे?" मी तक्ता दाखवला. तक्त्यात त्यांच्यापुढे शून्य होतं. त्या गप्प बसल्या, पण तोंड उतरलेलं सगळ्यांनी पाहिलं. घरी येऊन मी कागदी वही उघडली तर पैसे भरलेले, खाली सहीसुद्धा. मग हप्ता गेला कुठे? दुसऱ्या गटात त्याच नावाच्या, त्याच आडनावाच्या एक ताई आहेत. मी नाव शोधलं, जी पहिली सापडली तिच्यापुढे हप्ता टाकला आणि मोकळी झाले. एकीच्या नावावर दोन हप्ते, दुसरीच्या नावावर शून्य. एकूण बेरीज मात्र अगदी बरोबर, म्हणून चूक कोणाच्याच ध्यानात आली नाही.

त्या ताईंच्या घरी जाऊन मी माफी मागितली. तिथून येताना ठरवलं, की शोधणं नीट शिकायचं.

तक्ता कसा मांडलाय

पुढचं समजायला तक्त्याची मांडणी डोळ्यासमोर पाहिजे. आडव्या जातात त्या ओळी, त्यांना १, २, ३ असे आकडे. उभे जातात ते कॉलम, त्यांना ए, बी, सी अशी इंग्रजी अक्षरं. दोन्ही जिथे भेटतात ती चौकट. म्हणजे सी कॉलम आणि दुसरी ओळ मिळून सी२ ही चौकट. पहिल्या ओळीत मथळे आहेत, सभासद दुसऱ्या ओळीपासून सुरू होतात.

आपल्या तक्त्यात ए मध्ये गट क्रमांक, बी मध्ये सभासद क्रमांक, सी मध्ये नाव, डी मध्ये पतीचं किंवा वडिलांचं नाव आणि ई मध्ये आडनाव आहे. एफ पासून क्यू पर्यंत बारा महिने: एफ म्हणजे एप्रिल, जी म्हणजे मे, असं करत क्यू म्हणजे मार्च. हे एवढं वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.

आणखी एक. आपली पत्रिका देवनागरीत छापते, म्हणून सूत्रंही मी देवनागरीत लिहिली आहेत. मोबाईलवर टाकताना कीबोर्ड इंग्रजी करून इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी अंकच टाका. रकमाही इंग्रजी अंकांतच असू द्या. मराठी अंक टाकले तर यंत्र त्यांना रक्कम न समजता अक्षरं समजू शकतं, आणि मग बेरजेत ते धरलेच जात नाहीत.

शोधलं तर सापडत काहून नाही?

समजा तक्त्यात एक सुनंदा मेश्राम आहे (नाव मनानेच घेतलंय). गूगल शीट्समध्ये वर तीन टिंबं दिसतात, ती दाबून 'फाइंड अँड रिप्लेस' उघडलं आणि 'सुनंदा मेश्राम' टाकलं. यंत्र म्हणतं, नाही सापडलं. पण ती तर समोर दिसून राहिली!

कारण साधं आहे. यंत्र एका वेळी एकाच चौकटीच्या आत पाहतं. सी मध्ये नुसतं 'सुनंदा' आहे, ई मध्ये नुसतं 'मेश्राम'. 'सुनंदा मेश्राम' असं जोडून कोणत्याच चौकटीत लिहिलेलं नाही. आपण ओळ वाचतो तेव्हा डोळा आपोआप तिन्ही चौकटी जोडतो. यंत्राला ते सांगावं लागतं.

मग आपण काय करतो? नुसतं 'सुनंदा' शोधतो आणि जी पहिली दिसेल ती घेतो. माझी चूक तीच होती.

उपाय असा, की शेजारच्या चौकटी जोडून एक नवीन कॉलम करायचा. आपल्याकडे क्यू पर्यंत महिने आहेत, म्हणून एस कॉलमला 'पूर्ण नाव' असं नाव द्या (आर रिकामा सोडा, त्याचं काम पुढे आहे) आणि एस२ मध्ये हे टाका:

=सी२&" "&डी२&" "&ई२

ते मधलं '&' चिन्ह म्हणजे 'आणि'. अवतरण चिन्हांच्या मध्ये एक रिकामी जागा आहे, ती विसरू नका, नाहीतर तिन्ही नावं चिकटून येतील. आता एस२ मध्ये 'सुनंदा रमेश मेश्राम' असं पूर्ण दिसेल. ती चौकट कॉपी करा, खालच्या सगळ्या चौकटी निवडा आणि पेस्ट करा. प्रत्येक ओळीत आकडा आपोआप बदलतो: तिसऱ्या ओळीत सी३, चौथीत सी४.

आता 'सुनंदा रमेश' शोधा. सापडेल. आणि सुनंदा सुरेश वेगळी दिसेल.

ज्यांच्याकडे कॉम्प्युटरवर एक्सेल आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. एक्सेलमध्ये कंट्रोल आणि एफ दाबून शोधताना यंत्र चौकटीत दिसतं ते न पाहता तिच्या मागचं सूत्र पाहतं. म्हणून जोडलेलं नाव सापडत नाही. 'ऑप्शन्स' उघडा, 'लुक इन' मध्ये 'व्हॅल्यूज' निवडा, मग सापडतं. याच्यावर माझी एक अख्खी दुपार गेली.

न दिसणारी रिकामी जागा

मोबाईलवर टाइप करताना वर शब्द सुचवलेले येतात. 'सुनंदा' वर बोट ठेवलं की कीबोर्ड शब्द टाकतो आणि पुढे एक रिकामी जागाही टाकतो. आपल्याला ती दिसत नाही, पण यंत्राच्या दृष्टीने ते वेगळं नाव झालं. म्हणून वरचं सूत्र जरा सुधारून घ्या:

=ट्रिम(सी२)&" "&ट्रिम(डी२)&" "&ट्रिम(ई२)

ट्रिम म्हणजे छाटणी. नावाच्या मागे-पुढे असलेल्या आणि मध्ये जास्तीच्या पडलेल्या रिकाम्या जागा तो काढून टाकतो.

ऱ्हस्व-दीर्घ मात्र ट्रिमला कळत नाही. एकीने 'उईके' लिहिलं, दुसरीने 'उइके', तर यंत्राला त्या दोन बायका. एकीने 'गजभिये', दुसरीने 'गजभीये', तेच. कोणतं बरोबर यावर वाद घालू नका. बँकेच्या पासबुकात मराठीत असेल तसं, नाहीतर ती ताई स्वतः सही करते तसं, एकच रूप ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा. 'सौ.' आणि 'श्रीमती' तक्त्यात नकोच.

नावाच्याही पुढचं : ओळख क्रमांक

पूर्ण नावही कधी कधी सारखं निघतं. आपल्याकडे एका गावात एका आडनावाची वीस-वीस घरं असतात, त्यात रमेशही दोन आणि सुनंदाही दोन. म्हणून खरी ओळख नावाची न धरता गट क्रमांक आणि सभासद क्रमांक मिळून धरायची. या दोन्ही शेजारच्याच चौकटी आहेत, ए आणि बी. आर२ मध्ये टाका:

=ए२&"-"&बी२

मधली आडवी रेघ शोभेची नाही. ती नसली तर काय होतं पाहा. गट १ मधली १२ वी सभासद: १ आणि १२ जोडले की ११२. गट ११ मधली २ री सभासद: ११ आणि २ जोडले की तेही ११२! दोन वेगळ्या बायका, एकच नंबर. रेघ घातली की १-१२ आणि ११-२, वेगळ्या. मात्र ही रेघ सूत्रातूनच येऊ द्या. हाताने १-१२ असं टाकलं तर यंत्राला ती तारीख वाटते आणि तिथे महिना दिसायला लागतो.

तक्त्यात एकच ओळख दोनदा आली आहे का, हे पाहायला यू कॉलममध्ये टाका:

=काउंटइफ(आर:आर,आर२)

सगळीकडे १ दिसलं पाहिजे. कुठे २ दिसलं तर नंबर दोघींना दिलाय, किंवा एकच बाई दोनदा चढवली आहे. आर च्या जागी एस घातलं तर सारख्या नावाच्या बायका सापडतात. मी हे केलं तेव्हा कळलं, की माझ्या घोटाळ्यासारखे घोटाळे आणखी होऊ शकले असते. आता हप्ता घेताना आम्ही आधी नंबर विचारतो, मग नाव. कर्ज पासबुकाच्या पहिल्या पानावर तो नंबर मोठ्या अक्षरात लिहून दिला आहे.

आता मुख्य गोष्ट : सलग तीन शून्यं

बेरीज खोटं बोलत नाही, पण सगळं सांगतही नाही. दोन ताईंची सहा महिन्यांची बचत पाहा, महिन्याला २०० रुपये.

पहिली ताई: एप्रिल २००, मे २००, जून ०, जुलै ०, ऑगस्ट ०, सप्टेंबर २००.

दुसरी ताई: एप्रिल ०, मे २००, जून ०, जुलै २००, ऑगस्ट ०, सप्टेंबर २००.

दोघींची बेरीज ६००. दोघींची शून्यं तीन-तीन. अध्यक्षांच्या अहवालात दोघी एका रांगेत बसतात. पण ओळ नीट वाचा. दुसऱ्या ताईचा पैसा एक महिन्याआड येतो. तिची मजुरी तशी मिळत असेल, तिच्याशी बोलून बचतीची तारीख बदलता येईल. पहिल्या ताईचं जूनमध्ये काहीतरी झालंय. पेरणीचा खर्च असेल, लेकराच्या शाळेची भरती असेल, कोणी दवाखान्यात असेल. बेसा-पिपळा, घोगलीकडे आता शेतापेक्षा फ्लॅट स्कीम जास्त झाल्या. आपल्या कितीतरी जणींच्या घरी बांधकामावरची मजुरी येते, आणि पावसात ती थांबते. शेजारी-शेजारी आलेली शून्यं हे सांगतात. विखुरलेली शून्यं नाही सांगत.

कर्जाच्या हप्त्यात तर याला आणखीच महत्त्व आहे. मुदत कर्जाचा हप्ता किंवा व्याज ९० दिवसांपेक्षा जास्त थकलं की बँक ते खातं एनपीए, म्हणजे बुडीतकडे चाललेलं, असं धरते. हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, २००४ च्या मार्चपासून लागू आहे. ९० दिवस म्हणजे साधारण तीन महिने. आणि बँकेच्या लेखी कर्ज आपल्या एकेकीच्या नावावर नसतं, गटाच्या नावावर असतं. चार जणींचे सलग तीन-तीन हप्ते गटाकडे आले नाहीत तर गटाचा हप्ता बँकेत कुठून जाणार? खातं एकदा त्या यादीत गेलं की पुढचं कर्ज अडतं, आणि ते नियमित भरणाऱ्या बाईचंही अडतं. १९९२ साली नाबार्डने ५०० गटांपासून बँक जोडणी सुरू केली तेव्हा बँकांनी गहाण न घेता पैसे दिले ते याच परतफेडीच्या भरवशावर.

तर ही सलग शून्यं यंत्राकडून कशी शोधून घ्यायची? आधी कागदावर करून पाहा, म्हणजे सूत्र पाठ करावं लागणार नाही.

वहीचं एक पान आडवं फाडून तीन सारख्या पट्ट्या करा. तिन्हींवर एकाच ताईचे बारा महिन्यांचे आकडे सारख्या अंतराने लिहा. पहिली पट्टी ठेवा. दुसरी तिच्या खाली ठेवा, पण एक घर डावीकडे सरकवून. तिसरी आणखी एक घर डावीकडे सरकवून. आता वरून खाली पाहा. पहिल्या पट्टीवरच्या जूनच्या खाली दुसरीवरचा जुलै येतो आणि तिसरीवरचा ऑगस्ट. ज्या ठिकाणी वरून खाली तीनही शून्यं दिसतात, तिथे सलग तीन महिने पैसे आलेले नाहीत. अशा जागा मोजा.

यंत्र अगदी हेच करतं. टी२ मध्ये टाका:

=काउंटइफ्स(एफ२:ओ२,०,जी२:पी२,०,एच२:क्यू२,०)

एफ ते ओ ही पहिली पट्टी, जी ते पी ही एक घर सरकवलेली, एच ते क्यू ही दोन घरं सरकवलेली. प्रत्येकीत दहा घरं आहेत. घरं सारखी नसली तर यंत्र चूक दाखवतं, म्हणून बोटावर मोजून पाहा. काउंटइफ्स हे काउंट आणि इफ जोडून शेवटी एस लावलेलं आहे, मध्ये जागा नाही. पहिली तीन-चार अक्षरं टाकली की खाली नाव सुचवलेलं येतं, ते निवडलं तरी चालतं.

वरच्या पहिल्या ताईपुढे उत्तर येईल १. दुसरीपुढे ०. सलग चार महिने शून्य असतील तर उत्तर २ येतं, कारण पहिले तीन आणि शेवटचे तीन अशी दोन ठिकाणं जुळतात. म्हणजे आकडा वाढला की खंड लांबला, किंवा असा खंड वर्षात दुसऱ्यांदा आला.

खरं सांगू, तीनची वाट पाहू नये. तीन झाले म्हणजे बँकेचे ९० दिवस दारात आले. मी दोनवरच पाहते:

=काउंटइफ्स(एफ२:पी२,०,जी२:क्यू२,०)

इथे दोनच पट्ट्या, अकरा-अकरा घरांच्या.

शून्य आणि रिकामं एक नाही

इथे सगळ्यात जास्त गडबड होते. हे सूत्र शून्य मोजतं, रिकामी चौकट मोजत नाही. ते आपल्या सोयीचंच आहे, कारण पुढचे महिने अजून यायचे असतात आणि तिथे काही लिहिलेलं नसतं. पण काही गटांच्या सचिव पैसे आले नाहीत तर चौकट कोरीच सोडतात. 'आज नाही आले, उद्या येतील' म्हणून. काही जणी आडवी रेघ मारतात. मग ती बाई सहा महिने पैसे न भरता राहिली तरी सूत्र तिला पकडत नाही, टी कॉलममध्ये ० दिसतं, आणि आपण म्हणतो सगळं बरं चाललंय.

म्हणून बैठक संपल्यावर उठायच्या आधी: पैसे आले तर रक्कम, नाही आले तर ०. कोरं फक्त न झालेल्या महिन्याला. जूनचे आणि जुलैचे मिळून जुलैत ४०० दिले, तर जूनमध्ये ० तसाच राहू द्या आणि जुलैत ४०० लिहा. जूनचं शून्य खोडून २०० करू नका, कागदी वहीशी मेळ बसणार नाही.

ही तक्त्याची युक्ती कुठून आली, ते गमतीचं आहे. १९७९ साली अमेरिकेत डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी व्हिसिकॅल्क नावाचा असा पहिला गाजलेला तक्ता केला. कॉलेजात गुरुजी फळ्यावर हिशेबाचा तक्ता मांडत, आणि एक आकडा चुकला की पुढचे सगळे पुसून परत लिहावे लागत. ते पाहून ब्रिकलिनला सुचलं. आपल्या सचिव ताई खोडरबर घेऊन बसतात, तीच अडचण.

यादी निघाली, आता?

टी कॉलमवर फिल्टर लावा आणि ० ची खूण काढा. उरल्या त्या ताई. एक धोका सांगते. नुसता टी कॉलम निवडून चढ-उतार क्रम लावू नका. आकडे हलतील आणि नावं जागीच राहतील, सगळा तक्ता बिघडेल. फिल्टरने फक्त ओळी लपतात, काही हलत नाही.

ही यादी बैठकीत वाचू नका. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तर मुळीच टाकू नका. माझं तोंड एकदा पोळलंय. यादीतल्या प्रत्येक नावाची आधी कागदी वहीशी गाठ घाला. माझ्या अनुभवात काही नावं तिथेच गळतात, कारण चूक आपली असते. उरलेल्यांच्या घरी दोघीजणींनी जायचं, एक त्यांच्या गटातली आणि एक संघाची. पैशाचं आधी काढायचं नाही. एका घरी आम्ही गेलो तर त्या ताईंच्या नवऱ्याचा पाय बांधकामावर मोडला होता, आणि लाजेने त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. गटाने हप्ता दोन महिने पुढे ढकलला आणि बचत चालू ठेवली. दुसऱ्या घरी गेलो तर कर्ज दुसऱ्याच बाईने वापरलं होतं. ते प्रकरण वेगळं, त्यावर कधीतरी लिहीन.

आता शेवटचं, मार्च संपताना लागणारं. एप्रिलमध्ये आपण नवीन पान उघडतो. फेब्रुवारी आणि मार्चची शून्यं जुन्या पानावर राहतात, एप्रिलचं नवीन पानावर. तिन्ही सलग असूनही सूत्राला ती शेजारी दिसत नाहीत. म्हणून नवीन पानावर एप्रिलच्या आधी मागच्या वर्षीच्या फेब्रुवारी-मार्चचे दोन कॉलम आणून ठेवा. मग एफ म्हणजे फेब्रुवारी, जी म्हणजे मार्च, एच म्हणजे एप्रिल, आणि शेवटचा मार्च एस मध्ये जातो. ओळख, पूर्ण नाव आणि बाकीचे कॉलम दोन घरं पुढे सरकतात: ओळख टी मध्ये, पूर्ण नाव यू मध्ये, सलग शून्यं व्ही मध्ये. सूत्र असं होतं:

=काउंटइफ्स(एफ२:क्यू२,०,जी२:आर२,०,एच२:एस२,०)

पट्ट्या आता बारा-बारा घरांच्या. वार्षिक बेरीज करताना मात्र एफ आणि जी सोडून एच पासून धरा, नाहीतर मागच्या वर्षीचे पैसे दोनदा मोजले जातील.